बोलता येतंय तोवर

दिवाळी अंकाच्या संपादकांनी मला 'अतिदक्षता विभागातले थरारक प्रसंग' लिहायला सांगितले होते. ऐन दिवाळीत लोकांना थरार कशाला हवा असतो, कोण जाणे. आधी अमरावतीत आणि मग अकोल्यात, माझी सगळी नोकरी ज्या खोल्यांत गेली तिथे थरार फार कमी असतो. यंत्रांचे आवाज दिवसभर चालू असतात, माणसाचा मात्र नसतो. श्वासाची नळी घशातून खाली उतरते ती स्वरतंतूंच्या मधून. त्यामुळे रोगी शुद्धीवर असला तरी त्याला बोलता येत नाही. हे बाहेरच्यांना ठाऊक नसतं. काचेतून पाहणारे नातेवाईक मला विचारायचे, "सिस्टर, बाबा आमच्याशी बोलून काहून नाही राहिले? रागावले काय?"

इतक्या माणसांच्या शेवटच्या दिवसांत मी त्यांच्या उशाशी होते. त्यांचे हात मला आठवतात, हातांवरच्या शिरा आठवतात. शीर शोधण्यात माझा हात धरणारं आमच्या विभागात कोणी नव्हतं, हे सांगताना मला जराही संकोच वाटत नाही. पण आवाज त्यातल्या एकाचाही आठवत नाही, कारण तो मी ऐकलाच नव्हता. निवृत्तीनंतर दवाखान्याची आठवण येते का, असं लोक विचारतात. दवाखान्याची नाही येत. त्या न ऐकलेल्या आवाजांची मात्र फार येते. एखाद्या दुपारी अकोल्याच्या जुन्या शहरातल्या आमच्या घरात बसलेली असले, की वाटतं, त्यातल्या एकानं तरी येऊन सांगावं, सिस्टर, मला त्या दिवशी अमुक म्हणायचं होतं.

म्हणून आता मी उलट्या टोकाचं काम करते. माणसाला बोलता येतंय तोवर त्याला बोलतं करते.

काम समजायला सोपं आहे. पुढेमागे आपल्याला असा आजार झाला की ज्यातून बरं होण्याची आशा नाही, आणि तेव्हा आपलं आपल्याला ठरवता येत नसेल, तर कोणते उपचार करावेत आणि कोणते करू नयेत, हे आधीच लिहून ठेवायचं. आपल्या वतीनं कोणी बोलायचं, त्या माणसाचं नाव घालायचं. दोन साक्षीदारांसमोर सही करायची आणि नोटरीचा नाहीतर राजपत्रित अधिकाऱ्याचा शिक्का घ्यायचा. सर्वोच्च न्यायालयानं याला मान्यता दिलीय आणि नंतर त्याची वाटही सोपी केलीय. मन बदललं तर कागद बदलता येतो. कागद दाखवला म्हणून डॉक्टर लगेच यंत्र काढत नाहीत. डॉक्टरांचं एक मंडळ तपासतं, मग दुसरं तपासतं. आणि यंत्र नको म्हणजे औषध नको, असं नव्हे. दुखणं आणि दम कमी करणारी औषधं शेवटपर्यंत चालू राहतात. हे मी प्रत्येक घरी सांगते, कारण प्रत्येक घरी कोणीतरी विचारतंच, "म्हनजे बुढीले मारून टाकाचं काय?"

गंमत अशी की या कागदावर नको असलेल्या गोष्टींनाच जागा असते. हवं असलेलं कुठे लिहायचं, ते कोणी ठरवलेलं नाही. अमरावतीचे एक निवृत्त वकीलसाहेब माझ्याकडे स्वतःच मसुदा घेऊन आले. त्यात इतके 'परंतु' आणि 'तथापि' होते की यमदूतानंही पुढची तारीख मागितली असती. मी म्हटलं, "साहेब, हे सगळं नको, ते कळलं. मग हवं काय?" वकीलसाहेबांनी मसुदा मिटून ठेवला. मग बायकोकडे न पाहता म्हणाले, "हिनं जवळ बसून बोलत राहावं. काहीही. भाजीचे भाव सांगितले तरी चालेल." त्यावर काकू म्हणाल्या, "जन्मभर तर गप्प बस म्हणत आलात." पण म्हणताना त्यांचे डोळे भरले होते. आम्ही ते भाजीचे भाव मसुद्यात घातले. कायद्यात बसतात की नाही, मला माहीत नाही.

तेव्हापासून मी हवं-नकोमधलं 'हवं' आधी विचारते. आणि विचारते ते एकट्यात नाही, घरातल्या सगळ्यांना जमिनीवर सतरंजीवर बसवून. आमच्या वऱ्हाडात कागदाला कोणी फारशी किंमत देत नाही, पण चार लोकांत बोललेला शब्द मोडायला माणूस दहादा विचार करतो. सोयरीक मोडायची म्हटली तरी 'चार लोकांत बोलणं झालं होतं' हेच आधी काढतात. तेव्हा माझं काम आधी सतरंजीवर होतं आणि मग नोटरीकडे.

सुभद्राबाई माझ्याकडे आल्या त्या वकीलसाहेबांसारखा मसुदा घेऊन नव्हे. बाळापूरच्या पुढे त्यांचं गाव. जन्मभर चुलीपुढे बसून फुप्फुसं निकामी होत आलेली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, आता दम लागला की यंत्र लावावं लागेल, आणि एकदा लावलं की ते निघण्याची आशा धरू नका. धाकटी सून मंदा त्यांना हाताला धरून माझ्या ओसरीवर घेऊन आली. बाई आधी पाणी प्यायल्या, दम खाल्ला, आणि मला निरखून म्हणाल्या, "तुमीच होत्या तठी. आमच्या मालकाच्या जवय."

मला आठवलं. त्यांचे यजमान आमच्या विभागात होते. नळी घातलेली, त्यांनी नळी ओढून काढू नये म्हणून मनगटं फडक्यानं सैलसर बांधलेली. तेव्हा तशीच रीत होती. भेटायची वेळ झाली की सुभद्राबाई यायच्या, पायाशी उभ्या राहायच्या आणि वेळ संपली की जायच्या. ते म्हातारे बोटांनी सारखी खाली खूण करत. मी लघवीची नळी पाहिली, चादर पाहिली, पाय चोळून दिले. खूण चालूच राहिली, आणि मग एका दुपारी थांबली.

"ते खाली घ्या म्हनत होते का व सिस्टर?" सुभद्राबाईंनी विचारलं.

माणूस जायला निघाला की आमच्याकडे त्याला खाटेवर ठेवत नाहीत. जमीन सारवून, अंथरूण घालून खाली घेतात. जिच्यावर रांगायला शिकला तिच्या अंगाला लागून माणसानं जावं, अशी आमची समजूत आहे. घरची माणसं एकेक करून तोंडात पाणी घालतात. अतिदक्षता विभागातल्या खाटेला चाकं असतात, उंची कमी-जास्त करायची कळ असते, पण जमिनीपर्यंत ती काही येत नाही. मी सुभद्राबाईंना म्हटलं, "मला नाही कळलं ते काय म्हणत होते. आजही नाही कळलं."

"मलेई नाई," त्या म्हणाल्या. "रोज इचारतो मी त्याईले. सपनात येतात, पन तठीबी बोलत नाईत." आणि पदर नीट करून पुढे म्हणाल्या, "म्हनून माह्यं मी आत्ताच सांगून ठेवतो. मले माह्या घरी खाली घ्याचं. पोराईच्या हातचं पानी पाह्यजे. बाकी तुमाले जे लिहाचं ते लिहा."

त्यांना हवं होतं ते एवढंच. पण मागणारी बाई साधी असली म्हणून मागणं सोपं नव्हतं, आणि ते त्यांनाही माहीत होतं. त्यांना दोन मुलगे. थोरला प्रकाश पुण्यात नोकरीला, धाकटा गजानन शेती पाहणारा. वतीनं बोलणारं माणूस म्हणून कोणाचं नाव घालायचं, असं मी विचारलं. बाईंनी सुनेकडे बोट केलं. मंदा दचकली.

"दोन पोरं असताना सून काहून?" मी विचारलं. त्यांच्याशी बोलताना माझीही भाषा घरच्या वळणावर जाते.

"गजू रडते," त्या म्हणाल्या. "पका भांडते. मंदा काम करते."

ठरल्या दिवशी मी त्यांच्या गावी गेले. घरातली माणसं तेवढी बसवा, असं मी गजाननला निरोपात सांगितलं होतं. गजाननने भाऊबंदांना सांगितलं, "माय कागद करून राह्यली." आता आमच्याकडे म्हातारं माणूस कागद करतं म्हटल्यावर तो एकाच गोष्टीचा असतो. मी पोचले तर अंगण भरलेलं. चुलत दीर, पुतणे, पुतण्यांचे साले. भाऊराव नावाचे एक चुलत पुतणे तर शेताचा सातबारा आणि नकाशा पिशवीत घालून, नवा सदरा घालून पुढेच बसलेले. धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, त्यांचं या घराशी जुनं भांडण. त्यांना वाटलं, काकू आज हिस्सेवाटणी जाहीर करणार. मंदानं एवढ्या लोकांचा चहा ठेवला तेव्हा तिचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

मी आपलं काम सुरू केलं. सुभद्राबाई खाटेवरून उतरून सतरंजीवर बसल्या आणि डोक्यावरचा पदर सावरून सगळ्यांसमोर बोलल्या. "मले अकोल्याले नेजा नोका. नयी घालजा नोका. घरी औषद द्या. टाइम आला की खाली घ्या, पानी पाजा. मंदा सांगन तसं करा." बोलताना मधेमधे त्या श्वासासाठी थांबायच्या आणि कोणी तेवढ्यात बोलू नये म्हणून हात वर धरायच्या. प्रकाश फोनवर होता. तो "ठीक आहे आई, तुझी इच्छा" असं पुणेरी मराठीत म्हणाला, जसं आपण लांबच्या लग्नाला येतो म्हणतो तसं.

सगळं ऐकून झाल्यावर भाऊरावांनी हळूच विचारलं, "अन् वावराचं?"

"वावर वावराच्या जागी हाय," सुभद्राबाई म्हणाल्या. भाऊराव सातबारा पिशवीतच ठेवून चहा पिऊन गेले. पुढे आम्ही अकोल्याला नोटरीकडे गेलो, सह्या झाल्या, डॉक्टरांना प्रत दिली. परतताना बाईंनी मोर्णा नदीच्या पुलावर रिक्षा थांबवली आणि बराच वेळ जुन्या शहराकडे पाहत राहिल्या. मालकासोबत लग्नाचा बस्ता, सगळं कापडचोपड, याच गल्ल्यांमध्ये घेतला होता म्हणाल्या. कोणतं दुकान ते आठवेना. मंदा म्हणाली, परत येऊ कधी, शोधू. बाई हसल्या.

तूर सोंगायच्या, म्हणजे कापणीच्या दिवसांत एका सकाळी मंदाचा फोन आला. सासूला ती आत्याबाई म्हणायची. "सिस्टर, आत्याबाईचा दम लय वाढला. हे गाडी बोलावून राह्यले. तुमी या."

मी पोचले तेव्हा अंगणात गाडी उभी होती. मागचं दार उघडं, आत गादी टाकलेली. बाळापूरहून आलेले डॉक्टर बाईंजवळ होते. त्यांनी दम कमी होण्याचं औषध दिलं होतं, प्राणवायू लावला होता. गजानन गाडीच्या दाराला धरून लहान मुलासारखा रडत होता. "लोक काय म्हनतीन सिस्टर? मायले दवाखान्यातबी नाई नेलं म्हनतीन."

त्याला हसू नका. आमच्याकडे सांत्वनाला आलेला माणूस पहिला प्रश्न हाच विचारतो, "कुठी नेलं होतं?" बाळापूरहून अकोल्याला, अकोल्याहून नागपूरला, असं सांगता आलं की पोरांनी केलं, असं होतं. घरीच गेली म्हटलं की समोरचा नुसता "हंऽ" करतो. तो हुंकार मुलांना जन्मभर पुरतो. माणसं आईला गाडीत घालतात ती बहुतेक वेळा या हुंकाराच्या भीतीनं. प्रेम नसतं असं मी म्हणत नाही. गजाननचं तर होतंच. पण प्रेम नेमकं कुठल्या दिशेला धावेल, याचा त्या वेळी नेम नसतो.

तेवढ्यात प्रकाशचा फोन. मंदानं तो सगळ्यांना ऐकू येईल असा लावला. "काय चाललंय तिथे? ताबडतोब ॲडमिट करा. मी डॉक्टरांशी बोलतो. तो कागद वगैरे मला सांगू नका."

"दादा," मंदा म्हणाली. थोरल्या दिराशी ती कधी मान वर करून बोललेली नसणार; फोनपुढेही तिनं डोक्यावरचा पदर पुढे ओढून घेतला. "आत्याबाईनं मले सांगतलं हाय. मी गाडीत बसू देनार नाई."

"तू कोण ठरवणारी?" फोनमधून आलं.

अंगणात माणसं जमली होती. कोणी म्हणत होतं न्या, कोणी म्हणत होतं नेऊन पाहा. मंदा दारात आडवी उभी राहिली, पण एकटी सून किती वेळ उभी राहील, मला दिसत होतं. मी कागद दाखवला असता तर तिथे तो कोणी वाचला नसता. मी सुभद्राबाईंकडे पाहिलं. त्यांना धाप लागली होती, डोळे मात्र दाराकडे होते. त्यांना सगळं ऐकू येत होतं.

तेव्हा गर्दीतून भाऊराव पुढे आले. तेच धुऱ्याच्या भांडणाचे. मला वाटलं, आता आगीत तेल. ते फोनजवळ येऊन म्हणाले, "पकाभाऊ, मी भाऊराव बोलून राह्यलो. काकू चार लोकांत बोलली हाय. मी समोर बसलो होतो. वावराच्या लालचीनं आलतो, खोटं काहून सांगू, पन ऐकलं तर खरं ना? आता तिचा शबुद मोडाचा असंन तर तू सोता ये आन मोड. आमच्या हातानं नाई होनार." मग गाडीवाल्याकडे वळून म्हणाले, "जा बाप्पा तू. चहा पी आन जा." बाकीचे पुतणेही "आमीबी होतो" म्हणाले. हिस्सेवाटणीच्या आशेनं आलेले अख्खे भाऊबंद त्या दिवशी साक्षीला उभे राहिले. इतक्या वर्षांच्या नोकरीत मी इतकी उत्तम साक्ष पाहिली नाही.

गाडी गेली. औषधानं दम बराच उतरला. डॉक्टर म्हणाले, अजून थोडे दिवस आहेत. खाट दाराशी, उन्हात आणून ठेवली.

रात्री उशिरा पुण्याहून प्रकाश आला, तेव्हा मी अजून तिथेच होते. तो अंगणातूनच मोठ्यानं ओरडत आला. माझ्यावर, मंदावर, डॉक्टरांवर. मग खाटेजवळ वाकला आणि त्याची पुणेरी भाषा गळून पडली. "माय, चाल ना व अकोल्याले. मी हाव ना संग."

बाईंनी त्याचं मनगट धरलं. "इथीच बस," म्हणाल्या. एका श्वासात तेवढंच मावत होतं.

तो बसला. सुट्टी वाढवत राहिला आणि बसला. मी एक दिवसाआड जात होते. गेलं की दिसायचं, प्रकाश आईचे पाय दाबतोय, मंदाला विचारून औषध देतोय, आईच्या कानाशी काहीतरी बोलतोय. कधी विहिरीत पडलेल्या वासराची गोष्ट, कधी शाळेतल्या मास्तरांची. गजानन त्याला मधेच दुरुस्त करायचा, वासरू नव्हतं, गोऱ्हा होता. दोघं भाऊ हसायचे. बाई डोळे मिटून ऐकायच्या. मला वाटायचं, दवाखान्यात भेटायच्या वेळेत यातलं काय मावलं असतं.

मग एका दुपारी मंदानं मला खुणेनं बोलावलं. तिनं जमीन सारवून ठेवली होती. प्रकाशनं खांद्याखाली हात घातले, गजाननने पाय धरले, आणि त्यांनी आईला अलगद खाली घेतलं. जमिनीला पाठ लागली तशी बाईंनी बोटं पसरली आणि तळहात जमिनीवर टेकवला. प्रकाशनं पाणी घातलं, गजाननने घातलं, मंदानं घातलं. भाऊरावही दारात चपला काढून आत आले आणि त्यांनीही घातलं. फार वेळ लागला नाही.

सांत्वनाला येणारे विचारायचे, कुठी नेलं होतं. प्रकाश सांगायचा, "कुठीच नाई. आमीच आलो."

त्यानंतर बऱ्याच दिवसांनी तो रेल्वेनं अकोल्याला उतरून थेट माझ्या घरी आला. म्हणाला, "सिस्टर, माह्यंबी लिहाचं हाय." आम्ही ओसरीवर बसलो. यंत्र नको, नळी नको, हे झटपट उरकलं. मग मी नेहमीचा प्रश्न विचारला, काय हवं?

"खाली घ्याचं," तो म्हणाला, आणि तिथेच अडकला. पुण्यात त्याचं घर अकराव्या मजल्यावर. बायको नोकरीत, मुलगी परदेशी. "कोनती जमीन लिहू?" त्यानं मला विचारलं. त्यानं ओसरीच्या कडेला हात टेकला. मग त्यानं फोन काढला आणि घरी लावला. मंदानं उचलला.

"मंदा," तो म्हणाला, "माह्यावर टाइम आला तर तुमी मले घरी खाली घ्यान काय?"

पलीकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. मग मंदा म्हणाली, "दादा, खाली घ्याचं मंग पाहू. आंधी जितेपनी तर या."

प्रकाशनं फोन खिशात ठेवला, चष्मा काढून पुसला. कागद तसाच ठेवून उठला, चपला घातल्या, आणि मला विचारलं, बाळापूरची गाडी आता कुठून सुटते.